मुकी ठेव : घरच्या घरी प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय



घरबसल्या करता येण्याजोग्या व्यवसायांविषयी या सदरातून वेळोवेळी लिहिणे होते. पापड-लोणच्यांपासून शिकवणीपर्यंतचे मार्ग आपल्या समाजातील भगिनींना परिचित आहेत आणि त्यांचे हिशेबही बहुतेकींना तोंडपाठ आहेत. परंतु पुण्याच्या एका वाचक भगिनींनी पत्राने विचारलेला प्रश्न या परिचित वाटांपलीकडचा आहे. यजमानांची नोकरी मुदतीआधीच संपली आहे, मुलाच्या शिक्षणाची दोन वर्षे बाकी आहेत आणि घरात वृद्ध सासूबाई असल्यामुळे पूर्ण वेळ बाहेर जाऊन काम करणे त्यांना शक्य नाही. त्यांच्या गृहसंकुलात कुत्री पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. गावाला जाताना कुत्र्याला ठेवायचे कोठे, या विवंचनेत ती नेहमी असतात. या भगिनींनी शेजारधर्म म्हणून दोन-तीन वेळा असे प्राणी सांभाळले. आता लोकच म्हणू लागले आहेत, ‘‘पैसे घ्या, पण तुम्हीच सांभाळा.’’ सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला आहे : ‘‘त्या जनावराच्या पोटासाठी या घरात काय काय येणार, ते आधी सांग.’’

भगिनी विचारतात, हा व्यवसाय परवडेल का आणि आपल्याला तो शोभेल का?

हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ज्या व्यवसायात मन टोचत राहते तो फार काळ नीट चालत नाही आणि जो हिशेबात बसत नाही तो कितीही पुण्याचा असला तरी घर चालवीत नाही. म्हणून आधी हिशेब पाहू आणि नंतर सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू.

व्यवसायाचे दोन प्रकार

शहरांत ‘पेट सिटिंग’ या नावाने जे काम ओळखले जाते त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्राणी आपल्या घरी येऊन राहतो. दुसऱ्या प्रकारात तो स्वतःच्याच घरी राहतो आणि आपण दिवसातून दोन वेळा जाऊन त्याचे खाणेपिणे, फिरणे व स्वच्छता पाहतो. कुत्रा माणसांच्या सोबतीने राहणारा प्राणी आहे. त्याला एकटे ठेवले तर तो रडतो, दारे ओरबाडतो, म्हणून त्याच्यासाठी पहिला प्रकार बरा. मांजर माणसापेक्षा जागेला अधिक बांधलेले असते. परक्या घरात ते दोन-दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसरा प्रकार योग्य.

पक्ष्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे आणि तो पाळणे हाच गुन्हा आहे. तारांकित कासवाचेही तसेच. असा जीव ‘चार दिवस ठेवा’ म्हणून कोणी आणला तर नम्रपणे नकार द्यावा. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा माल आपल्या घरात ठेवण्यासारखाच तो प्रकार आहे.

वहीतला हिशेब

आता आकडे पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे दर विचारून ते बदलून घ्यावेत, हिशेबाची रीत मात्र हीच ठेवावी.

समजा, एका वेळी दोनच कुत्री ठेवायची आणि एका कुत्र्याचे दिवसाला ६०० रुपये घ्यायचे. अनेकजण येथेच चुकतात. दोन कुत्री, रोजचे १,२०० रुपये, महिन्याचे ३६,००० असा गुणाकार करून ते मोकळे होतात. परंतु हा व्यवसाय हंगामी आहे. दिवाळीचे १५ दिवस, मे महिन्याच्या सुटीचे ४५ दिवस आणि डिसेंबरअखेरचे १० दिवस मिळून ७० दिवस दोन्ही जागा भरतील असे धरू. म्हणजे १४० ‘श्वानदिवस’ झाले. उरलेल्या वर्षात लग्नकार्ये, शनिवार-रविवारच्या सहली आणि अचानकची आजारपणे यांतून आणखी ६० मिळतील. एकूण २०० श्वानदिवस आणि जमा १,२०,००० रुपये.

आता खर्च पाहू. स्वच्छतेची द्रव्ये, जुनी कापडे, कागद यांसाठी प्रत्येक श्वानदिवसाला ४० रुपये, म्हणजे ८,००० रुपये. केर-फरशीच्या कामासाठी मावशींना महिन्याला १,००० रुपये वाढवून द्यावे लागतील, त्याचे १२,०००. वाढीव वीज व दूरध्वनी यांचे महिना ५०० प्रमाणे ६,०००. आकस्मिक उपचार, मोडतोड आणि न मिळालेले पैसे यांसाठी जमेच्या १० टक्के, म्हणजे १२,०००, बाजूला काढावेत. प्रारंभीचे भांडवल ३०,००० रुपये धरू. त्यात गॅलरीची जाळी व दारातले आडवे फाटक १२,०००, बिछाने, भांडी व पिंजरा ८,०००, कॅमेरा ५,००० आणि प्रथमोपचार व किरकोळ साहित्य ५,००० असे येते. या वस्तू तीन वर्षे टिकतील असे मानून दरवर्षी १०,००० रुपये घसारा धरावा. एकूण खर्च ४८,००० आणि शिल्लक ७२,००० रुपये, म्हणजे महिन्याकाठी सरासरी ६,०००.

ही रक्कम लहान वाटेल. परंतु ६ टक्के व्याजाने वर्षाला ७२,००० रुपये मिळवायचे तर १२ लाखांची ठेव लागते. ज्या घरात अशी ठेव नाही त्या घराला ही रक्कम लहान नाही. दुसरीकडे श्रमाचेही मोल धरले पाहिजे. एका कुत्र्यामागे रोज तीन तास प्रत्यक्ष काम धरले तर वर्षाचे ६०० तास होतात आणि तासाला १२० रुपये पडतात. शिवाय रात्रीची झोप आणि घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य यांची किंमत या वहीत कोठेच नाही.

आणखी एक आकडा पाहावा. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे मावशींचे वाढीव पैसे, वीज-दूरध्वनी आणि घसारा, २८,००० रुपये आहे. प्रत्येक श्वानदिवसाच्या ६०० रुपयांतून ४० रुपयांचा चालू खर्च आणि ६० रुपयांची तरतूद वजा केली की ५०० रुपये उरतात. म्हणजे ५६ श्वानदिवस भरल्याशिवाय नफ्याचा पहिला रुपया दिसणार नाही. पहिल्या वर्षी एवढेच साधले तरी निराश होऊ नये. परंतु कर्ज काढण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

कर्जाविषयीही दोन शब्द. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. उद्यम नोंदणी आधार व पॅनच्या आधारे स्वयंघोषणेने होते आणि तिला शुल्क नाही. मध्यस्थाने पैसे मागितले तर देऊ नयेत. परंतु ३०,००० रुपयांसाठी हप्ता मागे लावून घेण्यापेक्षा पहिली सहा महिने घरी जाऊन सांभाळण्याचे काम करावे, त्यातून गॅलरीची जाळी उभी करावी आणि मगच प्राणी घरी आणावेत, असे माझे मत आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. उत्पन्न मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावे. रोखीत आलेले पैसे ‘घरातलेच’ समजून सोडून देण्याची सवय पुढे कर्ज मागताना अंगाशी येते, कारण कागदावर नसलेले उत्पन्न बँकेच्या लेखी नसतेच.

सासूबाईंचा प्रश्न

आता अवघड भागाकडे येऊ. प्राणी सांभाळणे आपल्या परंपरेला परके नाही. ‘उपासकदशांगा’तील आनंद श्रावकाकडे प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज होते. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल झाली आणि दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापारी यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभी राहिली. म्हणजे कुत्र्यासाठी जागा करून देण्याचा विचार आपल्या व्यापारी समाजाने दोनशे वर्षांपूर्वीच केला होता.

परंतु पांजरपोळ ही दया आहे आणि आपण बोलत आहोत ते उपजीविकेविषयी. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये शेवटचे ‘असतीपोषण’ आहे. हिंस्र प्राण्यांचे कमाईसाठी पोषण करणे असा त्याचा एक अर्थ आचार्यांनी सांगितला आहे आणि कुत्रे-मांजर यांचा उल्लेख तेथे येतो. या भगिनींच्या सासूबाईंच्या बोलण्यामागे हीच शिकवण आहे. तिला जुनाट म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. धर्मनिर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. आपापल्या गुरुमहाराजांना वा पंडितजींना विचारूनच पाऊल टाकावे. मात्र व्यवहाराच्या अंगाने पाहता या कामात तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असे मला वाटते : प्राण्यांची पैदास व विक्री, त्यांना मांसाहार देणे आणि दुसऱ्याच्या प्राण्याचा काही दिवस सांभाळ. पहिलीपासून दूर राहणे सोपे आहे आणि तिसरी सेवेच्या जवळची आहे. खरी कसोटी दुसरीपाशी लागते.

येथे स्वतःची फसवणूक होण्याचा संभव फार. बाजारात पिशवीतून मिळणारे कोरडे दाणेदार खाद्य दिसायला निरुपद्रवी असते. त्याला रक्त नाही, वास नाही, म्हणून अनेक शाकाहारी घरांत ते निःशंकपणे वापरले जाते. पिशवीच्या मागील बाजूचा मजकूर वाचावा. बहुतेक वेळा त्यात कोंबडीचे वा माशांचे चूर्ण असते. दाणा झाला म्हणून ते धान्य होत नाही.

दुसरी फसवणूक याहून वाईट आहे. मालकाने ‘रोज चिकन द्या’ असे सांगावे, आपण ‘हो’ म्हणावे आणि चार दिवस दूध-भात घालून प्राणी परत द्यावा, असे काहींना सुचते. हे तर दोन्ही बाजूंनी गैर आहे. मालकाशी तो कराराचा भंग आहे. प्राण्याचे अन्न अचानक बदलल्याने त्याला जुलाब होतात, तो उपाशी राहतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ आहे, तो येथे अप्रत्यक्षपणे घडतो.

मग मार्ग कोणता? मांजराच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. मांजर निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते आहारातून मिळाले नाही तर दृष्टी जाते, हृदय दुर्बल होते. मांजराला शाकाहारी करण्याचा आग्रह ही दया नव्हे. म्हणून ज्या घराला मांसाहार हाताळायचा नाही त्या घराने मांजर सांभाळण्याचे काम स्वीकारू नये. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयाचा दाखला येथे उपयोगी आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात आणि शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना तेथे मुक्कामी ठेवीत नाहीत. कोणाला झिडकारायचे नाही आणि आपली मर्यादाही लपवायची नाही, असा हा मार्ग आहे.

कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या सोबतीने हजारो वर्षे राहिल्याने पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता त्याच्यात आली आहे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने नीट आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. आपल्या आणि इतर शाकाहारी समाजांच्या कित्येक घरांत दही-भात, पोळी, डाळ, पनीर, भाज्या यांवर वाढलेली कुत्री आहेत. या कुटुंबांचीही मोठी अडचण असते, कारण जेथे चोवीस तास मांस शिजते अशा ठिकाणी आपला कुत्रा ठेवणे त्यांना नको असते. ‘येथे फक्त शाकाहारी सवयीची कुत्री सांभाळली जातात’ असे पहिल्याच संभाषणात सांगावे. काही गिऱ्हाईक जाईल, ते जाऊ द्यावे. व्यापारात जी मर्यादा उघडपणे सांगितलेली असते तीच पुढे दुकानाची ओळख बनते.

कांदा आणि लसूण कुत्र्यांना अपायकारक असतात, त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. आपल्या अनेक स्वयंपाकघरांत ते मुळातच नसतात, हे पाहुण्याच्या पथ्यावरच पडते. परंतु द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हेही त्यांना विषासमान आहेत. ऐन दिवाळीत, जेव्हा घरात कुत्री असणार, तेव्हाच चिवड्यात बेदाणे आणि भेटीच्या डब्यांत चॉकलेटे असतात. फराळाचे डबे उंच ठेवावेत आणि लहान मुलांना आधीच समज द्यावी.

जे शास्त्रात तेच कायद्यात

बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम उघडून त्याचे कलम ११ वाचावे. आखूड वा जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे, मारणे, अवयवांना इजा करणे, अतिरिक्त ओझे लादणे आणि पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे सर्व तेथे अपराध म्हणून नोंदलेले आहेत. आपले पाचही अतिचार त्यात सापडतात. ज्या घरात हे पाच नियम पाळले जातील त्या घराला या कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. व्यवहारात याचा अर्थ इतकाच : कुत्र्याला दिवसभर गॅलरीत बांधून ठेवायचे नाही, धाकासाठी काठी उचलायची नाही, पाण्याचे भांडे कधी रिकामे राहू द्यायचे नाही आणि रोज दोन वेळा फिरवून आणायचे. एका वेळी दोनच कुत्री, हा आकडाही यातूनच आला आहे. चार ठेवली तर जमा दुप्पट होईल, पण फिरवणे निम्मे होईल.

ठेव आणि तिची पावती

दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झाले की परत करायची, या व्यवहाराचे नियम भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये कलम १४८ पासून दिलेले आहेत. कायद्याच्या दृष्टीने सांभाळायला घेतलेले जनावरही असाच निक्षेप आहे. कलम १६३ खालचे उदाहरण तर गायीचेच आहे. सांभाळायला दिलेली गाय व्याली तर गायीबरोबर वासरूही मूळ मालकाला परत द्यावे लागते. कलम १५१ प्रमाणे आपण त्या ठेवीची तेवढी काळजी घेतली पाहिजे, जेवढी एखादा सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. तेवढी घेतली असेल तर कलम १५२ आपल्याला संरक्षण देते. आणि कलम १५० मालकावर जबाबदारी टाकते की वस्तूतील दोष त्याने आधी सांगावेत. कुत्रा चावरा आहे, त्याला झटके येतात, तो दार उघडे दिसताच पळतो, हे सारे त्यात येते.

तेव्हा प्रत्येक मुक्कामाआधी एक पानाचा करार करावा, मग समोरची व्यक्ती शेजारीण असली तरी. त्यात मालकाचे नाव-पत्ता व ओळखपत्राची प्रत, गावाला असतानाचा संपर्क क्रमांक, नेहमीच्या पशुवैद्यांचा क्रमांक, लसीकरण पुस्तिकेची प्रत, आजार व स्वभावदोष, आहार, येण्या-जाण्याची तारीख आणि उशीर झाल्यास प्रतिदिन आकार हे सर्व असावे. संपर्क झाला नाही तर उपचारासाठी किती रुपयांपर्यंत खर्च करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे वाक्य विसरू नये. मध्यरात्री पशुवैद्य ‘करू का?’ म्हणून विचारतात तेव्हा त्या एका वाक्याची किंमत कळते.

पैसे आगाऊ घ्यावेत. अर्धे नोंदणीच्या वेळी आणि अर्धे प्राणी सोडताना. ‘परत नेताना देऊ’ या शब्दावर विसंबले की पैसे न देणाऱ्याचा प्राणी अडवून ठेवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. देण्या-घेण्याच्या भांडणात मुका जीव तारण म्हणून वापरणे आपल्याला शोभत नाही आणि कायद्याचा आधारही त्याला भक्कम नाही. क्वचित मालक परत येतच नाही. त्यासाठी दुसऱ्या एका जबाबदार नातेवाइकाची सही आधीच घेऊन ठेवावी. प्राण्याला उपासमार होईल अशा रीतीने सोडून देणे हाही १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे, याची जाणीव करारात लिहून द्यावी.

गृहनिर्माण संस्थेचीही लेखी संमती हवी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला सभासदाच्या पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु स्वतःचा कुत्रा पाळणे निराळे आणि दुसऱ्यांची कुत्री पैसे घेऊन ठेवणे निराळे. दुसऱ्या बाबतीत शेजाऱ्यांची हरकत रास्त असू शकते. उद्वाहनाच्या वेळा, जिन्यातली घाण, रात्रीचे भुंकणे यांविषयी आपणच नियम लिहून संस्थेच्या समितीपुढे ठेवावेत. घर भाड्याचे असेल तर घरमालकाचीही संमती घ्यावी.

आरोग्य आणि सुरक्षितता

श्वानदंशाच्या बाबतीत भीडभाड उपयोगाची नाही. रेबीजची लस चालू मुदतीत नसेल तर सख्ख्या भावाचाही कुत्रा घेऊ नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते. दंश वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. घरातील सर्वांनी प्रतिबंधक लस आधीच घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांची लसही पाहून घ्यावी. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि पुढच्या पाहुण्याला धरतो.

गोचिडांचा प्रश्न आपल्या लोकांना विशेष सतावतो. अंगावर गोचीड असलेला प्राणी घरात आला की मग औषधफवारणीवाचून इलाज राहत नाही. म्हणून येण्यापूर्वीच तपासणी करावी आणि गोचीड आढळल्यास मुक्काम नाकारावा. जीव उत्पन्न होऊ न देण्याची जयणा ही नंतरच्या उपायापेक्षा केव्हाही बरी. त्यासाठी फरशी कोरडी ठेवणे, बिछाने उन्हात टाकणे आणि केस रोज विंचरणे हे उपाय आहेत.

परक्या घरात आलेला कुत्रा पहिल्या दोन दिवसांत पळून जाण्याची भीती सर्वांत अधिक असते. दूधवाला, कुरिअरवाला यांच्यासाठी दार उघडले की तो निसटतो. म्हणून मुख्य दाराआड दुसरे आडवे फाटक हवे आणि गळ्यात आपल्या दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला हवा. दोन कुत्र्यांना कधीही शेजारी शेजारी जेवू घालू नये, भांडणे बहुधा भांड्यावरूनच होतात. मे महिन्याच्या उन्हात पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना धाप लागते, त्यांना पहाटे व रात्रीच फिरवावे. आणि मुक्कामाआधी अर्धा दिवस चाचणी म्हणून ठेवून घ्यावे. त्या अर्ध्या दिवसात प्राणी जे सांगतो ते त्याचे मालक सांगत नाहीत.

घराची संमती

शेवटचा मुद्दा हिशेबाच्या वहीत मावणारा नाही. या व्यवसायाची जागा म्हणजे घरच आहे. गिऱ्हाईक गेल्यावर दुकानाची फळी लावता येते, तशी सोय येथे नाही. आणि हंगाम येतो तो नेमका दिवाळीत, जेव्हा आपल्या घरी महावीर निर्वाणकल्याणकाची तयारी, लेकी-सुना, नातेवाईक असतात. त्या दिवसांत फटाक्यांनी भेदरलेली दोन कुत्री घरात असतील, त्यांच्याजवळ कोणाला तरी बसावे लागेल आणि तीर्थयात्रेला जाणे जमणार नाही. पर्युषणाच्या वा दशलक्षणाच्या दिवसांत काम बंद ठेवायचे असेल तर ते वर्षाच्या आरंभीच ठरवून टाकावे. दारात आलेल्या माणसाला त्या वेळी ‘नाही’ म्हणणे कठीण जाते.

म्हणून माझी या भगिनींना सूचना अशी आहे की सासूबाईंना हा व्यवसाय पटवून देण्याचा प्रयत्न करू नये, त्यांना त्यात अधिकार द्यावा. स्वयंपाकघर आणि देवघर यांत प्राणी जाणार नाही, हा नियम त्यांनी घालावा. कोणता आहार घरात येईल आणि कोणता येणार नाही, याची यादी त्यांनी सांगावी आणि ती करारात जशीच्या तशी उतरवावी. ज्यांनी आयुष्यभर पाणी गाळून वापरले, दिवा लावताना पतंगाची काळजी घेतली, त्यांच्याइतकी बारीक नजर या कामाला दुसऱ्या कोणाची मिळणार? त्यांचा नकार कायम राहिला तर मात्र प्राणी घरी आणू नयेत. दुसऱ्यांच्या घरी जाऊन शाकाहारी कुत्र्यांचा सांभाळ करण्याचा मार्ग तेव्हाही मोकळा आहे. त्यात उत्पन्न कमी असले तरी भांडवल जवळजवळ लागत नाही आणि दुपारचे तास सासूबाईंसाठी राहतात.

प्रारंभ करायचाच असेल तर एका ओळखीच्या कुत्र्यापासून, दोन दिवसांच्या मुक्कामाने आणि पूर्ण लेखी करारानिशी करावा. वही पहिल्या दिवसापासून घालावी. डाव्या पानावर रुपये लिहावेत आणि उजव्या पानावर प्राण्याने काय खाल्ले, किती वेळा फिरला, रात्री झोपला की रडला, हे लिहावे. सहा महिन्यांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. डावे पान भरत असेल आणि उजवे पान बिघडत असेल तर काम कमी करावे. दोन्ही पाने समाधानकारक असतील तर गॅलरीच्या जाळीला पैसे घालायला हरकत नाही.

बँकेत ठेवीदार पावती घेऊन जातो तेव्हा ती ठेव तक्रार करीत नाही, आजारी पडत नाही आणि ठेवणाऱ्याची वाट पाहत दाराशी बसत नाही. ही ठेव तिन्ही गोष्टी करते. ज्यांना त्याचा त्रास वाटणार नाही त्यांनीच या व्यवसायात यावे.

पुढील अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवरील नामनिर्देशन आणि वारसा यांतील फरक पाहू.

जय जिनेंद्र.